रामेनचं सूप आणि मंडळाची शेवंती

"नूडल्स खा, वरचा मांसाचा तुकडा खा, पण सूप भांड्यात राहू द्या," असं डॉक्टर मिझोगुचींनी सांगितलं तेव्हा कुरामोचींना वाटलं, या माणसानं आपल्याला आळीच सोडून जायला सांगितलंय.

रक्तदाब वाढला होता हे खरं. पण तो एकट्या कुरामोचींचा वाढला नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून आमच्या आळीतलं जे कोणी दवाखान्याची पायरी चढे, त्याचा रक्तदाब वाढलेलाच निघे. डॉक्टरांनी शेवटी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला, तर तोही वाढलेला. त्यांनी हवामानाला दोष दिला आणि वॉर्ड कचेरीला कळवलं. कचेरीनं मोठ्या तत्परतेनं 'चला, हसतखेळत व्यायाम करू' असं छापलेलं पत्रक घरोघर टाकलं. पत्रकावर एक हसरा मुळा होता. मुळ्याला हसायला काय झालं हे कोणालाच कळलं नाही, आणि रक्तदाबही काही उतरला नाही.

आता सूप न पिण्यात एवढं अवघड काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण परक्या माणसाला इवाकिरी माहीत नाहीत. आळीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पाटीवर 'चिनी भोजन' असं लिहिलेलं असलं, तरी खुद्द चीनमधला माणूस तिथं येऊन बसला असता तर त्यानं वाटेत आपण चुकून भलत्याच देशात उतरलो की काय, म्हणून चौकशी केली असती. सूपातल्या नूडल्स म्हणजे रामेन, सारण भरलेल्या करंजीसारखे भाजलेले ग्योझा, परतलेला भात, आणि का कोण जाणे, करी-भात. लाल रंगाचा लांबच लांब कट्टा, त्यापलीकडे इवाकिरी आणि त्यांच्या कढया, अलीकडे आपण. खाऊन झालं की भांडं उचलून कट्ट्याच्या वरच्या फळीवर ठेवायचं, समोरची जागा फडक्यानं पुसायची आणि उठायचं. हे कोणी शिकवत नाही, आणि चुकतही कोणी नाही.

इवाकिरींची नजर त्या फळीवर असायची. पाठ असली तरी असायची. भांडं वर आलं की ते मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून आत बघत. कुरामोचींच्या भांड्याचा तळ कायम लख्ख दिसायचा. वॉर्ड कचेरीच्या सांडपाणी खात्यात पहिला पगार झाला त्या दिवशीही दिसला होता आणि निवृत्तीच्या दिवशीही. एकदा दुकान भरलेलं असताना इवाकिरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, "कुरामोचीसानच्या भांड्यात ज्या दिवशी सूप उरेल, त्या दिवशी मी दारावरचा पडदा उतरवीन, दुकान बंद करीन आणि मुलीकडे जाऊन मासे पकडत बसेन."

सगळे हसले होते. कुरामोचीही हसले होते. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर एक जबाबदारी येऊन बसली, आणि सरकारी नोकरी केलेल्या माणसाला जबाबदारी एकदा चिकटली की ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. तसं अलीकडे सूप जरा खारटच लागायचं. शेवटच्या घोटाला तर डोळे मिटून घ्यावे लागत, आणि इवाकिरींच्या बायकोला, सेत्सुकोसानना, पाण्याचे जग सारखे भरावे लागत. पण कुरामोचींनी तो दोष आपल्या जिभेला दिला. साठी उलटल्यावर माणसानं दुसऱ्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी स्वतःची जीभ तपासावी, असं त्यांचं मत होतं.

"अहो, त्यात एवढा विचार कसला?" त्यांची बायको फुसाए म्हणाली. "सरळ सांगा त्यांना, डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून."

"असं कसं सांगू? त्याला वाटेल, माझ्या सूपानं आजारी पडला."

"मग महिनाभर जाऊच नका."

"नाही गेलो तर वाटेल खरंच आजारी पडला. सेत्सुकोसान डबा घेऊन घरी येतील. डब्यात सूप असेल."

फुसाएनं हात जोडले आणि ती भांडी घासायला गेली. पण जाताजाता तिनं ही गोष्ट शेजारच्या ओताकाबाईंच्या कानावर घातली, म्हणजे आळीमंडळाच्या अध्यक्षांच्याच कानावर घातली. ओताकाबाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत कोणी चुकून बाटलीचं झाकण टाकलं, तर ते कोणाच्या घरचं हे त्या बाहेरून ओळखत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुरामोचींना रस्त्यात गाठलं.

"समोरच्या सोबाच्या दुकानात जा की! गार सोबा मागवा. नुसत्या नूडल्स, वाटीतल्या रसात बुडवायच्या, खायच्या. सूपच नाही तर उरणार काय?"

सल्ला बिनतोड होता. कुरामोची छत्री तोंडासमोर धरून, पाऊस नसताना, सोबाच्या दुकानात शिरले. आत पाऊल ठेवताच मालकानं "या, या, कुरामोचीसान! अलभ्य लाभ!" अशी आरोळी ठोकली की समोर इवाकिरींच्या कढईतला परतलेला भात क्षणभर थांबला असावा. कुरामोचींनी मान खाली घालून सोबा खाल्ला. खाऊन झाला तोच मालकिणीनं सोबा उकडलेलं गरम पाणी आणून ठेवलं. ते बुडवायच्या रसात ओतायचं आणि प्यायचं, ही तिथली रीत. वाटीतला रस म्हणजे निव्वळ मीठ. मालकीण प्रेमानं समोर उभी. कुरामोचींनी एका दमात वाटी रिकामी केली. जे मीठ चुकवायला ते इतक्या लांब रस्ता ओलांडून आले होते, ते असं पाहुणचार म्हणून पोटात गेलं. वर इवाकिरींच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा ही काळजी निराळीच. चार जणांदेखत दुसरीकडे जेवलेला माणूस आणि परक्या घरातून बाहेर पडताना दिसलेला नवरा यांच्यात आमच्या आळीत फारसा फरक करत नाहीत.

तेव्हा त्यांना थर्मासची कल्पना सुचली. कल्पना अशी, की सूप प्यायचं नाही आणि उरवायचंही नाही. रुंद तोंडाचा एक थर्मास पिशवीत ठेवायचा, कट्ट्याच्या टोकाला जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याआड बसायचं, आणि योग्य क्षणी भांडं खाली घेऊन ओतायचं.

योग्य क्षण म्हणजे ग्योझा. गरम तव्यावर ग्योझा मांडले की इवाकिरी त्यावर पाणी शिंपडतात, झाकण घालतात आणि एवढा चर्र आवाज होतो, एवढी वाफ उठते, की कट्ट्यापलीकडच्या माणसाला अलीकडचं काही दिसत नाही आणि ऐकू येत नाही. अडचण एवढीच, की ग्योझा कोणीतरी मागवायला हवेत. कोणी मागवत नसे त्या दिवशी कुरामोची स्वतः मागवत, आणि मागवले म्हणून सोयाच्या रसात बुडवून खातही. त्यामुळे पुढच्या तपासणीत रक्तदाब आणखी वर गेला. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "कुरामोचीसान, तुम्ही सूप खरंच सोडलंत ना?" "थेंब नाही," कुरामोची म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, आणि खरं बोलून इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

पण कुठलीही चोरी करण्यापेक्षा चोरीचा माल जिरवणं अवघड. घरच्या मोरीत सूप ओतावं, तर कुरामोचींनी उभी हयात लोकांना एकच गोष्ट सांगण्यात घालवलेली: मोरीत तेलकट काही ओतू नका. शाळाशाळांतून त्यांनी या विषयावर भाषणं दिली होती. एकदा तर चरबीनं तुंबलेल्या गटाराचा नमुना बरणीत घालून सोबत नेला होता. तो माणूस आता स्वतःच्या मोरीवर थर्मास उपडा करणार? कचऱ्यात टाकावं तर ओताकाबाई. दोन्हीकडून कोंडी झाल्यावर त्यांनी दिवेलागणीच्या वेळी, फिरायला निघाल्याचं सोंग करून, आळीच्या सभागृहासमोरच्या मोठ्या कुंड्यांत थर्मास रिकामा केला. कोंबडीच्या हाडांचं सूप, झाडांना खतच होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

झाडांचं काय झालं ते पुढे येतंच, पण मांजरांना ही योजना फार पसंत पडली. आधी एक आलं, मग त्यानं नातेवाईक आणले. कुरामोची थर्मास घेऊन निघाले की मागून सगळं कुटुंब शेपट्या वर करून चालू लागे. "तुम्हाला प्राण्यांची आवड आहे हे ठाऊक नव्हतं," ओताकाबाई म्हणाल्या. कुरामोची म्हणाले, "मलाही नव्हतं."

आणि मग शेवंती सुकली. ती शेवंती साधीसुधी नव्हती, आळीमंडळाची होती, आणि वॉर्डच्या शरदातल्या प्रदर्शनात जायची होती. कळ्या धरल्या होत्या. ओताकाबाई रोज सकाळी तिच्याशी बोलत. पानं आधी कडेनं करपली, मग माना पडल्या. बाईंनी मंडळाची तातडीची बैठक बोलावली आणि शेवंती चौकशी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः ओताकाबाई, वैद्यकीय सल्लागार डॉक्टर मिझोगुची, आणि सचिव, निवृत्त सांडपाणी अधिकारी, अहवाललेखनाचा दांडगा अनुभव, श्री. कुरामोची.

कुरामोचींनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण आमच्या आळीत नाही म्हणायला एवढा वेळ लागतो, की तोपर्यंत टाळ्या वाजून जातात.

समितीनं घटनास्थळी भेट दिली. डॉक्टरांनी कुंडीतली माती चिमटीत धरून हुंगली आणि त्यांचा चेहरा विचारात पडला. "हा वास..." ते म्हणाले, "मला एकदम भूक लागली."

ओताकाबाईंनी हुंगली. "हे तर इवाकिरींचं सूप!"

"घाईनं निष्कर्ष काढू नये," सचिव म्हणाले. त्यांच्या पायाशी चार मांजरं येऊन बसली होती.

"चला, त्यांनाच विचारू," असं म्हणून ओताकाबाई मूठभर माती कागदावर घेऊन तरातरा निघाल्या. कुरामोची मागे चालले. आपण वाटेतच घसरून पडावं आणि पाय मोडावा, अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली. पण रस्ता कोरडा होता.

दुपारची गर्दी ओसरली होती. इवाकिरी कढई घासत होते. बाईंनी कागद कट्ट्यावर ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. इवाकिरी मातीवर वाकले. त्यांनी ती हुंगली नाही. बोटानं जराशी उकरली, आणि आतून रामेनवर घालतात त्या मुरवलेल्या बांबूचा एक छोटा तुकडा काढून तळहातावर ठेवला.

"हा काप माझा आहे," ते म्हणाले. मग त्यांनी कागद बायकोपुढे सरकवला. "बघ गं."

सेत्सुकोसाननी वास घेतला. त्यांनी नुसती मान डोलावली.

"म्हणजे कोणीतरी इथं खातं, माझ्यासमोर भांडं रिकामं करून ठेवतं, आणि बाहेर जाऊन ओतून टाकतं," इवाकिरी हळूहळू म्हणाले. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. "एवढं गिळवत नसेल, तर तोंडावर सांगायचं होतं."

ओताकाबाईंना शेवंतीचं दुःख विसरायला झालं. डॉक्टर उगाच खिसे चाचपत राहिले. कुरामोचींच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं, पण ते मिठाची गुळणी धरून उभे राहिले, आणि मग सगळ्यांबरोबर वाकून नमस्कार करून बाहेर पडले. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी इवाकिरींच्या दारावर पडदा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आळी जेवल्यासारखी होईना. लोक दुकानावरून जाताना पावलं हळू करत, बंद काचेकडे बघत आणि उगाच घड्याळ पाहत. चौथ्या दिवशी सकाळी सेत्सुकोसान कुरामोचींच्या दारात आल्या. हातात डबा नव्हता.

"ते दुकान विकायचं म्हणताहेत," उंबऱ्यातच बसून त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा याल का? ते फक्त तुमचं ऐकतील."

"माझं का?"

सेत्सुकोसाननी आवाज खाली आणला. "गेल्या हिवाळ्यात त्यांना तो ताप आला होता ना, तेव्हापासून त्यांची जीभ गेलीय. वास नाही, चव नाही. साखर आणि मीठ डोळ्यांनी बघून ओळखतात. कोणाला सांगू नकोस म्हणाले. हाताच्या सवयीनं करतात सगळं. आणि खरं सांगू का, मीठ जास्त पडतं. मी एकदा धीर करून बोलले, तर म्हणाले, 'कुरामोचीसानचं भांडं रिकामं आलंय ना? मग तुझीच जीभ बिघडलीय.' रोज दुकान बंद करताना म्हणायचे, आज तळ दिसला, आज बरोबर होतं."

फुसाएनं स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनं खुंटीवरून त्यांचा कोट काढून आणला आणि थर्मास पिशवीत घालून हातात दिला.

दुकानात इवाकिरी कट्ट्याच्या अलीकडे, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले होते. कुरामोचींनी त्यांना त्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. एप्रन नसलेले इवाकिरी फार लहानखुरे दिसत होते.

कुरामोचींनी थर्मास कट्ट्यावर ठेवला आणि कमरेत वाकून म्हणाले, "शेवंती मी मारली."

इवाकिरींनी थर्मासकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुम्ही?" ते एवढंच म्हणाले.

"डॉक्टरांनी मनाई केली होती. रक्तदाब. सांगायला जीभ रेटेना. भांड्यात सूप दिसलं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." आणि मग त्यांनी थर्मास, ग्योझा, मांजरं, समिती, सगळं एका दमात ओकून टाकलं.

इवाकिरी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. "रक्तदाब!" ते म्हणाले. "म्हणजे नुसता रक्तदाब? म्हणजे सूप बरोबर होतं!"

हे म्हणताना ते स्टुलावरून अर्धवट उठलेही. आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की पडदा लागला असता, आळी जेवली असती, आणि कुरामोची घरी जाऊन निवांत झोपले असते. आजवर अशा प्रत्येक प्रसंगी ते 'हो' म्हणत आले होते. साहेबांना, सासऱ्यांना, आळीमंडळाला. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी सेत्सुकोसान पदराआड हात घेतल्यासारख्या हात एप्रनमध्ये गुंडाळून उभ्या होत्या. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कुरामोचींना तेवढ्यात कळलं.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "नाही. खारट होतं."

इवाकिरी परत खाली बसले.

"किती?"

"फार."

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"आणि तुम्ही रोज..."

"थर्मास येईपर्यंत, शेवटच्या थेंबापर्यंत."

"बाकीचे?"

"सगळेच. ओताकाबाईसुद्धा. डॉक्टरसुद्धा. कोणीच काही बोललं नाही."

इवाकिरींनी तोंडावर हात घेतले. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसताहेत असं कुरामोचींना वाटलं, आणि ते हसतच होते. पण हात बाजूला झाले तेव्हा डोळे भरलेले होते. "एवढी सगळी माणसं," ते म्हणाले. "माझ्यासाठी मीठ पीत बसली. मूर्ख आहात सगळे."

"आहोत," कुरामोची म्हणाले. हा म्हातारा आपल्याला किती हवा आहे, हे त्यांना आजवर कधी मोजावंच लागलं नव्हतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, आणि कोणाला द्यायचा ते न कळून स्वतःच वापरला.

बऱ्याच वेळानं इवाकिरी उठले, कट्ट्याला वळसा घालून पलीकडे गेले, एप्रन बांधला आणि चूल पेटवली. सूप तापलं तशी त्यांनी भांड्यात सोयाच्या मुरवलेल्या रसाची पळी घातली, वर सूप ओतलं आणि चिनीमातीचा चमचा बुडवून पुढे केला.

"डॉक्टरांची मनाई आहे," कुरामोची म्हणाले.

"एक चमचा. उद्यापासून रोज, दुकान उघडायच्या आधी, एक चमचा. बाकीचं सूप मी इथंच ठेवेन, तुम्ही डोळ्यांनीसुद्धा बघायचं नाही. माझी जीभ गेलीय कुरामोचीसान, आता तुमचीच वापरायची." मग ते दरडावून म्हणाले, "पण खरं सांगायचं."

कुरामोचींनी चमचा तोंडात घेतला. सवयीनं 'वा, छान' म्हणायला ओठ हललेच होते. त्यांनी ते आवरले. "खारट."

इवाकिरींनी दुसऱ्या भांड्यात पळी जराशी कमी भरली. सेत्सुकोसान केव्हाच दारावरचा पडदा घेऊन उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बाहेर कोणीतरी थांबल्याची चाहूल लागली, मग आणखी कोणीतरी.

"आता?"

"अजून खारट."

पळी आणखी कमी झाली. कुरामोचींनी घोट जिभेवर फिरवला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. इवाकिरी कट्ट्यावर दोन्ही हात टेकून, श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"अजून जराऽऽसं."

इवाकिरींनी पळी आपटली. "आळीत तुमच्याइतका सभ्य माणूस नाही असं मी समजत होतो!"

"मीही तसंच समजत होतो," कुरामोची म्हणाले, आणि त्यांनी रिकामा चमचा पुन्हा पुढे केला.